मोबाइलला फुल रेंज, मॉनिटरला ‘नो सिग्नल’

हृदयरोग विभागाच्या स्टेप-डाऊन वॉर्डातलं, म्हणजे आयसीयूतून बाहेर आलेल्या पेशंटांच्या वॉर्डातलं, हे नेहमीचं दृश्य. १४ नंबरच्या खाटेशेजारी बसलेला नातेवाईक मोबाइलवर मॅच बघतोय आणि ती एकदाही अडकत नाही. त्याच खाटेवरच्या पेशंटच्या गळ्यात कापडी पिशवीत टेलिमेट्रीचा डबा आहे. तो ईसीजी हवेतून नर्सिंग स्टेशनवरच्या सेंट्रल मॉनिटरला पाठवतो. मात्र तिथे १४ नंबरच्या चौकोनातली रेघ गेलीय आणि ‘नो सिग्नल’ आलंय. सिस्टर आयटीला फोन लावतात. आयटीचा माणूस येतो, खिशातून स्वतःचा फोन काढतो आणि सांगतो, “सिस्टर, इथं तर फुल रेंज आहे.”

त्याचं म्हणणं खरं आहे, फक्त त्याने मोजलं ते भलतंच. फोनवरच्या दांड्या सांगतात, छताला लावलेल्या अॅक्सेस पॉइंटचा, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्राचा, आवाज फोनला किती ऐकू येतो. टेलिमेट्रीत प्रश्न उलटा असतो: गळ्यातल्या छोट्या डब्याचा आवाज छतापर्यंत पोचतो का? शिवाय मॅच दाखवणारा फोन पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवतो, त्यामुळे मधला खंड दिसत नाही. ईसीजीचं तसं करता येत नाही. पुढचा ठोका अजून पडलेलाच नसतो, तो आधी आणून ठेवणार कुठून?

एकदा हिशेब करून बघू. एका लीडचा, म्हणजे एका रेघेचा, ईसीजी सेकंदाला ५०० वेळा मोजला आणि प्रत्येक मोजणीला २ बाइट धरले, तर ३ लीडचे होतात ३००० बाइट, म्हणजे सेकंदाला २४ किलोबिट. ४० पेशंट धरले तरी साधारण १ मेगाबिट. वॉर्डभरच्या हृदयांची माहिती एका नातेवाइकाच्या मॅचपेक्षा कमी जागा घेते. म्हणून ‘आम्ही १ गिगाबिटची लाइन घेतलीय’ हे उत्तर इथे कामाचं नाही. इथे सलगपणा लागतो, आणि तो लाइन वाढवून मिळत नाही.

आधी यादी, मग डबे

वॉर्डाचं वाय-फाय आखायला घेताना नकाशाच्या आधी एक यादी करावी: वॉर्डात वायरलेसवर काय काय चालतं, आणि त्यातल्या प्रत्येकाचा संपर्क तुटला तर कोणाचं काय बिघडतं. आयसीयूतला खाटेजवळचा मोठा मॉनिटर संपर्क तुटला तरी स्वतः वाजतो, त्याला स्क्रीन आहे, स्पीकर आहे. शिरेतून औषध मोजून सोडणारा इन्फ्युजन पंप बहुतेक वेळा औषधांची यादी उतरवायला आणि नोंदी पाठवायला नेटवर्क वापरतो, अर्धा तास नेटवर्क नसलं तरी औषध चालूच राहतं. बीपी-तापमान मोजून फिरणारं यंत्र आकडे साठवून नंतर पाठवतं. गळ्यातल्या टेलिमेट्रीच्या डब्याचं मात्र तसं नाही. बहुतेक डब्यांना ना नीट स्क्रीन ना मोठा आवाज. त्याचा अलार्म नर्सिंग स्टेशनवर वाजतो, आणि तोही माहिती तिथवर पोचली तरच. पेशंटचा ठोका थांबलाय की नुसता संपर्क, हे तुटलेल्या रेघेवरून कळत नाही.

म्हणून अख्ख्या वॉर्डाचं वाय-फाय या एका डब्याच्या मापाने आखायचं. तो सगळ्यात कमजोर, सगळ्यात फिरता आणि सगळ्यात कमी सहन करणारा. त्याचं भागलं की लॅपटॉप आणि टॅब्लेटचं आपोआप भागतं. उलटं केलं तर १४ नंबरची खाट होते.

यंत्र बनवणारी कंपनी नेटवर्कच्या अटींचा एक कागद देते: किमान सिग्नल किती, कोणते चॅनल, कोणतं एन्क्रिप्शन, कोणता प्राधान्याचा शिक्का (कोणती माहिती आधी सोडायची हे सांगणारा आकडा). खरेदीच्या फायलीत तो बऱ्याचदा शेवटच्या पानाला असतो आणि नेटवर्कवाल्यापर्यंत पोचतच नाही. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. कंपनीच्या कागदात वेगळं लिहिलं असेल तर तो कागद खरा.

हवेतली जागा कोणाची?

१९९८ साली अमेरिकेत डॅलसमध्ये एका दूरचित्रवाणी केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि शहरातल्या एका रुग्णालयातली टेलिमेट्री बंद पडली. रुग्णालयाची यंत्रं टीव्हीच्या रिकाम्या चॅनलवर चालत होती, आणि तो चॅनल त्या दिवसापासून रिकामा राहिला नाही. पुढे २००० साली तिथल्या दूरसंचार आयोगाने वैद्यकीय टेलिमेट्रीसाठी ६०८ ते ६१४ आणि १३९५ ते १४०० मेगाहर्ट्झ, शिवाय १४२७ ते १४३२ मेगाहर्ट्झमधला काही भाग, असे पट्टे राखून ठेवले. हे पट्टे अमेरिकेचे. तिथून स्वस्तात मिळालेला जुना सेट आणून इथे लावला तर आपण दुसऱ्या कोणाच्या तरी परवान्याच्या जागेत बोलत असतो. आपल्याकडे नव्या वॉर्डात टेलिमेट्री बहुधा वाय-फायवरच येते, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या हवेत.

त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वॉर्डात जवळजवळ वाया गेलेला असतो. एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यातच ब्लूटूथ, नातेवाइकांच्या फोनचे हॉटस्पॉट आणि पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह. साध्या मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन विजेच्या अर्ध्या लाटेतच चालतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झवर १० मिलिसेकंद गोंगाट, १० मिलिसेकंद शांतता. दारातून झिरपणारी ती थोडीशी शक्ती आपल्याला अपाय करत नाही, पण २० मिलिवॉटवर बोलणाऱ्या डब्याला ती पुरून उरते. रात्री साडेनऊला, जेवणाचे डबे गरम करायच्या वेळी, पॅन्ट्रीजवळच्या दोन-तीन खाटांचे सिग्नल जात असतील तर आधी तिकडे बघा.

म्हणून टेलिमेट्री ५ गिगाहर्ट्झवर घ्यावी. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे विनापरवाना वापराला खुले झाले, त्यामुळे जागा भरपूर. पण त्यातले ५२ ते १४४ हे चॅनल रडारच्या हद्दीत येतात. तिथे अॅक्सेस पॉइंटला रडारची चाहूल लागली की नियम असा: १० सेकंदांत चॅनल सोडायचा, ३० मिनिटं तिथे परत फिरकायचं नाही, आणि रडारच्याच हद्दीतल्या दुसऱ्या चॅनलवर जायचं असेल तर आधी ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं. वॉर्डाच्या भाषेत सांगायचं तर एका कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा एकाच वेळी गेल्या. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे, आणि सी-बँडची हवामान रडारं साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे १२० ते १२८ या चॅनलांच्या शेजारी काम करतात. अंधेरी-जोगेश्वरी भागातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर हे चॅनल लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. टेलिमेट्रीसाठी ३६, ४०, ४४, ४८ आणि १४९, १५३, १५७, १६१, १६५ हे नऊ चॅनल घ्यावेत, रुंदी २० मेगाहर्ट्झ. रुंदी ४० किंवा ८० केली की वेग वाढतो पण चॅनल कमी पडतात, आणि वेग आपल्याला नकोच आहे.

भिंती, बाथरूम आणि माणसाचं शरीर

पोचलेला सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ३ डीबी घटले की शक्ती निम्मी, १० घटले की एक दशांश. टेलिमेट्रीसाठी प्रत्येक जागी एका अॅक्सेस पॉइंटचा सिग्नल उणे ६५ किंवा त्याहून चांगला, आणि दुसऱ्याचा निदान उणे ७० हवा. दुसरा कशाला? पहिला बंद पडला तर, आणि पेशंट चालत निघाला तर. पाठीमागच्या गोंगाटापेक्षा सिग्नल निदान २५ डीबी वर असावा.

जिप्समच्या पार्टिशनमध्ये ३ डीबी जातात, विटांच्या भिंतीत ६ ते १०, काँक्रीटच्या भिंतीत १२ ते २०. एक्स-रे आणि कॅथ लॅबच्या शिशाच्या पत्र्यातून, तसंच एमआरआयच्या तांब्याच्या पिंजऱ्यातून, काही येईल अशी आशाच ठेवू नये. मुंबई-पुण्यातल्या ब्रिटिशकालीन दगडी इमारतींत तर दोन फुटी भिंतीच्या पलीकडची खोली म्हणजे दुसरी इमारतच समजायची. ‘इतक्या चौरस फुटाला एक’ हा कोटेशनवाल्यांचा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक चूक इतकी सर्रास दिसते की नियमच वाटावा: सगळे अॅक्सेस पॉइंट कॉरिडॉरमध्ये एका ओळीत. वायर ओढायला सोपं, खोल्या उघडायला नकोत, फॉल्स सीलिंग तयारच. पण लांब कॉरिडॉर बोगद्यासारखा वागतो. त्यातले सगळे अॅक्सेस पॉइंट एकमेकांना खणखणीत ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबत राहतात. खोलीतली खाट मात्र एक भिंत आणि एक अग्निरोधक दार यांच्या आड. अॅक्सेस पॉइंट खोल्यांत हवेत, एकाआड एक, कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना.

आता त्या १४ नंबरकडे येऊ. पेशंट उठून बाथरूमला गेलाय. बाथरूमच्या भिंतीला टाइल्स, आत पाण्याचे पाइप, आरशाचा धातूचा लेप, पलीकडे लिफ्टचा काँक्रीट शाफ्ट. सिग्नलचा सर्व्हे करणारा लॅपटॉपची ट्रॉली घेऊन आला होता तेव्हा ट्रॉली आत जात नव्हती, म्हणून त्याने दारातून मोजलं. नकाशावर बाथरूम हिरवं दिसतं. पण हृदयाच्या पेशंटला चक्कर यायची जागा नेमकी हीच: एकटा, दार लावलेलं, कुंथल्याने नाडी मंदावलेली. वॉर्डात एकच जागा मोजायला वेळ असेल तर बाथरूम मोजा, दार लावून आणि कमोडवर बसून.

त्यात माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी. डबा अंगाखाली घेऊन पेशंट कुशीवर झोपला की १० ते १५ डीबी सहज जातात. सर्व्हेच्या अँटेनाला आणि पिशवीतल्या यंत्राला एकाच जागी एकसारखं ऐकूही येत नाही, ८-१० डीबीचा फरक सहज पडतो. त्यामुळे सर्व्हे खऱ्या यंत्राने करावा, आणि ते माणसाच्या गळ्यात घालूनच करावा.

याचा उलटा धडा शक्तीबाबत. सिग्नल कमी वाटला की अॅक्सेस पॉइंटची शक्ती वाढवायचा मोह होतो. २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॉट. टेलिमेट्रीचा डबा बोलतो १२ ते १४ डीबीएमवर. मग छतावरचा ओरडतोय, गळ्यातला कुजबुजतोय. यंत्राला वाटतं संबंध उत्तम आहे, म्हणून ते दुसरीकडे जात नाही, पण त्याची कुजबूज वर पोचत नाही. अॅक्सेस पॉइंटची शक्ती यंत्राइतकीच, ११ ते १४ डीबीएम ठेवावी. जागा पुरत नसेल तर शक्ती न वाढवता आणखी एक अॅक्सेस पॉइंट लावावा.

चालता पेशंट

एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, हे यंत्र ठरवतं, नेटवर्क नाही. लोकलचा डबा बदलायचा की नाही हे प्रवासी ठरवतो, मोटरमन नाही, तसंच. नेटवर्कवाल्याच्या हातात एवढंच: उडी सोपी करून ठेवणं.

नव्या अॅक्सेस पॉइंटवर ओळख पटवायला सर्टिफिकेटची (यंत्राच्या डिजिटल ओळखपत्राची) पूर्ण देवाणघेवाण झाली आणि ती ओळख तपासणारा सर्व्हर दुसऱ्या शहरात असला, तर त्यात अर्धा-एक सेकंद किंवा त्याहून जास्त जातो. ८०२.११आर ही पद्धत तो वेळ काही दहा मिलिसेकंदांवर आणते, पण काही जुनी यंत्रं तिच्यामुळे जोडलीच जात नाहीत. आपल्याकडचं यंत्र कोणत्या गटातलं आहे हे आधी टेबलावर तपासायचं. सर्टिफिकेट वापरणार असाल तर त्याची मुदत कधी संपते ती तारीख बायोमेडिकल विभागाच्या कॅलेंडरवर हवी. ती संपली की यंत्रं एकाएकी पडत नाहीत. ज्या यंत्राची पुन्हा जोडणी होईल ते एकेक गळतं, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते.

लॅपटॉपसाठी चांगल्या असलेल्या दोन सोयी इथे बंद ठेवाव्यात: भार वाटण्यासाठी यंत्राला नकार देणं, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात ढकलणं. चॅनल आणि शक्ती आपोआप बदलणारी यंत्रणा ठेवलीच तर तिला वरची-खालची मर्यादा घाला.

नावं कमी करा

रुग्णालयात प्रत्येक विभागाला स्वतःचं वाय-फाय नाव हवं असतं. प्रत्येक नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी स्वतःची दवंडी पिटतं. २.४ गिगाहर्ट्झवर ती सगळ्यात हळू वेगाने, १ मेगाबिटने गेली तर एकेका दवंडीला साधारण २.२ मिलिसेकंद लागतात. एका चॅनलवर तीन अॅक्सेस पॉइंट ऐकू येत असतील आणि प्रत्येकावर पाच नावं असतील, तर पंधरा दवंड्यांचे झाले ३३ मिलिसेकंद. एकाही पेशंटची माहिती जायच्या आत हवेतला तिसरा हिस्सा खलास. किमान वेग १२ मेगाबिट केला की हाच खर्च ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. नावं तीन पुरतात: वैद्यकीय यंत्रं, कर्मचारी, पाहुणे. पाहुण्यांचं वाय-फाय बंद करू नका, नाहीतर प्रत्येक खाटेशेजारी एक हॉटस्पॉट उगवतो.

प्राधान्याच्या शिक्क्यातली एक गंमत बरेच दिवस सापडत नाही. वायरच्या बाजूला सर्वांत तातडीच्या माहितीला ४६ हा शिक्का मारतात. वायरलेसला फक्त ० ते ७ असे आठ दर्जे कळतात. जुन्या पद्धतीचा अॅक्सेस पॉइंट ४६ चे, म्हणजे १०१११० चे, पहिले तीन अंक घेतो: १०१, म्हणजे ५. पण ५ हा व्हिडिओचा दर्जा. सर्वांत तातडीची रांग आवाजाची, तिचा दर्जा ६. शिक्का मारलेला असतो, तरी माहिती चुकीच्या रांगेत. हे भाषांतर हाताने बदलावं लागतं. तेही फक्त छताकडून यंत्राकडे जाणाऱ्या माहितीपुरतं. यंत्राकडून वर येणाऱ्या माहितीवरचा शिक्का यंत्रानेच मारायचा असतो.

दहा सेकंदांची वीज

वीज गेली की जनरेटर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. मॉनिटरला बॅटरी आहे, टेलिमेट्रीला सेल आहेत. अॅक्सेस पॉइंटच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या, मजल्यावरच्या कपाटातल्या नेटवर्क स्विचला यूपीएस नसेल तर तो बंद पडतो, मग पाच-सात मिनिटं सुरू होत बसतो, आणि त्यानंतर अॅक्सेस पॉइंट त्याच्याकडून वीज घेऊन आणखी दोन-चार मिनिटं घेतात. दहा सेकंदांच्या अंधाराचे दहा मिनिटांचे ‘नो सिग्नल’ झाले. स्विचच्या यूपीएसला अर्ध्या तासाची बॅटरी हवी आणि ती दर सहा महिन्यांनी भार देऊन तपासायला हवी.

वॉर्डातले अॅक्सेस पॉइंट एकाआड एक दोन वेगळ्या स्विचवर जोडावेत. एक स्विच गेला तरी प्रत्येक खाटेला शेजारचा अॅक्सेस पॉइंट ऐकू येतो, म्हणून तर वर तो दुसरा, उणे ७० चा आकडा मागितला. जागोजागी दोन वायरी टाकून ठेवा. चालू वॉर्डात छताची फरशी उघडणं म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे इन्फेक्शन कंट्रोलची परवानगी. दुसरी वायर आज स्वस्त पडते.

मोडून बघायची चाचणी

ताब्यात घेण्याआधी दोन डबे दोघांच्या गळ्यात घालून पेशंटच्या प्रत्येक वाटेने चाला: खाट ते बाथरूम, खाट ते सोनोग्राफी, कॉरिडॉरची दोन्ही टोकं, लिफ्टमधून खाली. वॉर्ड भरलेला असताना चाला, रिकाम्या इमारतीतला सर्व्हे माणसं आली की जुना होतो. माहितीची गळती १ टक्क्याच्या आत आणि पुन्हा पाठवावी लागणारी माहितीची पाकिटं १० टक्क्यांच्या आत असावीत. मग मुद्दाम एक अॅक्सेस पॉइंट काढा. एक स्विच बंद करा. ओळख पटवणारा सर्व्हर बंद करा. प्रत्येक वेळी सेंट्रल मॉनिटरवर काय दिसतं आणि किती सेकंदांनी परत येतं ते घड्याळ लावून लिहा. हे सगळं चालू असताना त्या खाटांवर खरे पेशंट टेलिमेट्रीवर नसावेत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

‘नो सिग्नल’ची तक्रार आली तर क्रम असा: सेल, पिशवीतला डबा अंगाखाली आहे का, मग शेजारच्या खाटांचं काय, मग अॅक्सेस पॉइंट. एकच खाट गेली असेल तर दोष बहुधा डब्यात किंवा जागेत. एका भागातल्या सगळ्या गेल्या तर अॅक्सेस पॉइंट किंवा रडार. एकाआड एक गेल्या तर स्विच. सगळा वॉर्ड गेला तर सर्व्हर किंवा वीज. हे चार ओळींचं कोष्टक नर्सिंग स्टेशनवर चिकटवून ठेवलं तर रात्रीच्या फोनवरची अर्धी प्रश्नोत्तरं वाचतात.

त्याच कागदाखाली आणखी एक यादी हवी, आणि ती रोज सकाळच्या राउंडमध्ये बदलायला हवी: टेलिमेट्रीवरच्या पेशंटांपैकी कोणत्या तिघा-चौघांना नेटवर्क पडताच स्वतःच्या स्क्रीनचा मॉनिटर लावायचा, आणि ते जादा मॉनिटर चार्ज करून कोणत्या कपाटात ठेवलेत. कपाटाची किल्ली सिस्टर-इन-चार्जकडे असली, तर रात्रपाळीला ती कोणाकडे असते तेही लिहा.